पार्सलने आलेली जुनी सायकल मोडकी निघाली: भांडण कोणाशी आणि भरपाई कोणाकडून

पुणे-इंदूर हा आता जुन्या सायकलींचा पक्का रस्ता झाला आहे. पुण्यात लोक हौसेने गेअरची सायकल घेतात, एखादा पावसाळा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतात, आणि मग ती गॅलरीत टॉवेल वाळत घालायच्या कामी येते. इकडे इंदुरात पहाटे बायपासला, सुपर कॉरिडॉरला, सुट्टीच्या दिवशी जामगेटपर्यंत जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि नव्या सायकलीची किंमत ऐकून त्यातले निम्मे जुनीच्या शोधाला लागतात. फोनवर सौदा ठरतो. दोन्हीकडे मराठी माणूस असला की पाचव्या मिनिटाला "अहो, म्हणजे रामबागेतले ते तुमचे कोण?" इथवर गाडी येते. ओळख निघते आणि तिथेच घोळ होतो, कारण ओळख निघाली की कोणी काही लिहून ठेवत नाही.

मग खोकं देवास नाक्याच्या नाहीतर लोहामंडीच्या गोडाऊनवर येतं, लोडिंग रिक्षातून घरी जातं, उघडल्यावर मागचा डिरेलर, म्हणजे गेअर बदलताना चेन सरकवणारा भाग, वाकडा दिसतो. घेणारा म्हणतो, मोडकी पाठवली. विकणारा म्हणतो, माझ्या दारातून ठणठणीत निघाली. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, बिल्टीच्या (माल बुक केल्याच्या पावतीच्या) मागे काय छापलंय ते वाचा. हे भांडण माझ्याकडे मध्यस्थीला येतं तेव्हा बहुतेक वेळा तिघेही आपापल्या परीने खरंच बोलत असतात. म्हणून खोटं कोण बोलतंय ते मी शोधत बसत नाही. मोडतोड कोणत्या जातीची आहे ते आधी ठरवतो, कारण पैसे कोणी द्यायचे हे त्यावरच ठरतं.

आधी खात्री करा: खरंच काही मोडलंय का

ज्या तक्रारींवरून रात्री अकरा वाजता पुण्याला फोन जातात, त्यातल्या बऱ्याच मुळात मोडतोड नसतात.

डिस्क ब्रेकची सायकल असेल आणि चाक बसतच नसेल, तर कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कला पकडणाऱ्या ब्रेकच्या जबड्यात, डोकावून बघा. चाक काढलेलं असताना प्रवासात हँडलवरचा ब्रेकचा लिव्हर दाबला गेला की हायड्रॉलिक ब्रेकचे पिस्टन पुढे येतात, दोन्ही पॅड एकमेकांना भिडतात आणि डिस्क आत शिरायला फटच उरत नाही. प्लास्टिकचा टायर-लिव्हर घालून पॅड सावकाश मागे ढकला, चाक बसेल. स्क्रू ड्रायव्हर घालू नका, पॅडचा पृष्ठभाग खराब होतो. लिव्हर लोण्यासारखा आत जात असेल तर खोकं बहुधा उलटं पडून राहिलं होतं आणि टाकीतली हवा नळीत शिरली आहे. सायकल रात्रभर सरळ उभी ठेवा, सकाळी लिव्हर हळूहळू दाबत राहा. पुष्कळदा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर ब्लीडिंग करावं लागेल, म्हणजे नळीतली हवा काढावी लागेल, आणि तो सर्व्हिसिंगचाच खर्च समजा.

"चिमटा वाकलाय, पाय चाकाला लागतो" ही दुसरी तक्रार. खोक्यातून निघालेली सायकल जोडताना पुढचं चाक धरणारा चिमटा, म्हणजे फोर्क, उलटा बसलेला असतो, एवढंच. पुढच्या डिस्कचा कॅलिपर बसलेल्या माणसाच्या डाव्या हाताला यायला हवा. साधे ब्रेक असतील तर ते चिमट्याच्या पुढच्या अंगाला यायला हवेत. हँडल फिरवून पुन्हा बसवा.

पायडलचं मात्र जपून. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, पायडलच्या दांड्यावर एल आणि आर कोरलेलं असतं. ते न बघता पान्याने जोर लावला तर लोखंडी दांडा ॲल्युमिनियमच्या क्रँकचे (पायडल जिला बसतो ती दांडी) आटे खाऊन टाकतो. मग "क्रँक खराब पाठवली" असा निरोप जातो. हाताने दोन-तीन फेरे सहज आत जायला हवेत, पान्याचं काम त्यानंतर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. गेअर कुरकुरत असेल तर चालवून बघायचा मोह आवरा. सायकलच्या मागे उकिडवे बसा आणि बघा: डिरेलरचा पिंजरा आणि मागच्या चकत्या एका रेषेत आहेत का? पिंजरा आतल्या बाजूला झुकलेला दिसला तर हँगर वाकला आहे. डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो तो हँगर. ही पट्टी मुद्दामच मऊ ठेवलेली असते, फ्रेम वाचावी म्हणून. इथवर दुरुस्ती सोपी आहे: सरळ करता येतो, नाहीतर नवा मिळतो. पण त्याच अवस्थेत सर्वात मोठ्या चकतीवर गेअर टाकून पायडल मारलंत, तर पिंजरा आऱ्यांत अडकतो, डिरेलर तुटतो, दोन-चार आरे जातात आणि कधी फ्रेमचं टोकही जातं. शेकड्यांतलं काम हजारांत जातं, आणि तो वरचा खर्च विकणाऱ्याकडेही मागता येत नाही, ट्रान्सपोर्टकडेही नाही.

मोडतोड कोणत्या जातीची आहे

चार जाती असतात. आधीपासून असलेला दोष, पॅकिंगची चूक, वाहतुकीतला मार, आणि घरी जोडताना झालेलं नुकसान. चौथी वर आलीच. बाकीच्या तिघींची ओळख पटवायला सायकलीकडे थोडं निरखून बघावं लागतं.

झीज प्रवासात होत नाही. लांबलेली चेन, टोकदार झालेले चकतीचे दात, बीबीमधला (क्रँक ज्यावर फिरतात त्या बेअरिंगमधला) खुळखुळाट, रिमच्या कडेला पडलेली खोलगट खाच, वाळलेले टायर हे सगळं पुण्यातच होतं. यासाठी ट्रान्सपोर्टवाल्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. विकणाऱ्याने "एकदम मस्त कंडिशन" म्हटलं होतं की "चेन बदलावी लागेल" म्हटलं होतं, हे चॅटमध्ये शोधा. अठरा हजारांच्या जुन्या सायकलीला चेन आणि टायर लागणारच, हे घेणाऱ्यानेही गृहीत धरायला हवं. माझ्या मते चेनवरून नातं तोडणं हा निव्वळ आचरटपणा आहे. तडा, वेल्डिंग किंवा फ्रेमचा पोचा लपवला असेल तर मात्र वेगळी गोष्ट.

जुना घाव आणि नवा घाव ओळखायची साधी खूण आहे. लोखंडी फ्रेमवरचा ताजा ओरखडा आतून चकचकीत असतो, जुन्याला गंज चढलेला असतो. ॲल्युमिनियमला लाल गंज चढत नाही, तिथे घावाच्या कडा बघा: जुन्या घावाच्या कडेला तेल आणि धूळ बसून काळी रेघ तयार होते. नव्या पोच्यातला रंग कडेने तडकून पापुद्र्यासारखा सुटतो, त्याचा चुरा खोक्यात सापडतो. कार्बनच्या फ्रेमला रंगाचा टवका दिसला तर आजूबाजूला नाण्याने हलकं टकटक करा. एका जागी आवाज अचानक मऊ, बद्द येत असेल तर त्या सायकलीवर बसू नका, जाणकाराला दाखवा. पैसे कोण देणार हा प्रश्न तिथे दुसऱ्या नंबरचा.

पॅकिंगची चूक आणि वाहतुकीचा मार यात फरक करणं अवघड, कारण दोन्ही एकत्रच येतात. तरी खुणा असतात. चाक काढून रिकाम्या ठेवलेल्या चिमट्याच्या दोन टांगा आत दबलेल्या असतील तर मध्ये आधार घातला नव्हता. सायकलच्या दुकानात नव्या सायकलींबरोबर आलेला प्लास्टिकचा तुकडा फुकट मिळतो, तो तिथे बसवायचा असतो. हँडल वरच्या नळीवर घासून खोबण पडली असेल, पुढच्या चाकाच्या ॲक्सलने फ्रेमला टोचलं असेल, सुटा पायडल खोक्यात भिरभिरून चार ठिकाणी रंग उडाला असेल, तर ही सगळी आतल्या आतली मारामारी आहे. खोकं बाहेरून धड आणि सायकल आतून जखमी, म्हणजे पॅकिंग. उलट खोक्याचा कोपरा चेपला आहे, पुठ्ठ्यावर हुकाचं भोक आहे, एका अंगावर जड वस्तूचा ठसा उमटला आहे आणि नेमकं त्याच जागी आत चाक आऊट झालं आहे, म्हणजे वाकडं फिरतं आहे, डिस्क वाकली आहे, तर तो मार बाहेरचा.

म्हणून खोकं फेकू नका

या सगळ्या भानगडीत खरा साक्षीदार एकच: खोकं. आणि बहुतेक घरांत सायकल काढल्यावर अर्ध्या तासात ते रद्दीत जातं, किंवा इंदूरच्या शिस्तीप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी कचरागाडीत. स्वच्छतेत पहिला नंबर आपला, कबूल, पण खोकं आठवडाभर जिन्याखाली राहू द्या.

खोक्यावरचं भोक आणि सायकलवरची खूण एकमेकांसमोर येतात का ते बघा. सायकल खोक्यात जशी होती तशी परत ठेवून फोटो काढा, भोकातून पेन आत घालून ते कुठे टेकतं ते दाखवा. असा एक फोटो पन्नास मेसेजचं काम करतो. डिरेलरच्या बाहेरच्या अंगावर ओरखडा आणि पुठ्ठ्यावर त्याच उंचीला फाटलेलं, हे जुळलं की विकणाऱ्याची "माझ्याकडे ठीक होती" ही बाजू आपोआप खरी ठरते आणि तो तुमच्या बाजूने उभा राहायला तयार होतो. तो तसा उभा राहण्याची गरज का आहे ते पुढे येईलच.

गोडाऊनवर खोकं ताब्यात घेतानाच त्याभोवती एक फेरी मारा. फाटलेलं, ओलं, चेपलेलं दिसलं तर डिलिव्हरीच्या कागदावर सही करण्याआधी त्यावर हाताने लिहा: "खोकं उजव्या बाजूने फाटलेले, आतील माल न तपासता घेतले." हमाल घाई करेल, बाबू म्हणेल "अरे भिया, सही करो, कुछ नहीं होता." होतं. कोऱ्या सहीचा अर्थ माल चांगल्या अवस्थेत मिळाला असाच लावला जातो. त्यांनी लिहू दिलं नाही, तर तिथेच, त्यांच्या बोर्डासकट फोटो काढा आणि त्याच दिवशी त्यांच्या ईमेलवर पाठवा.

सुटे भाग कमी असतील तर लगेच चोरीचा आरोप करू नका. पायडल, क्विक रिलीजचा दांडा, डिस्कचे बोल्ट, सीटपोस्ट हे सगळं पुठ्ठ्याच्या भोकातून रस्त्यात गळतं. नगर, मनमाड, धुळे, सेंधवा, वाटेत बिजासनचा घाट, आणि दोन-तीनदा गाडी बदल. पिशवीत भरून फ्रेमला बांधलं नसेल तर इंदूरपर्यंत किती शिल्लक राहील याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

कायदा काय धरून चालतो

घेणाऱ्यांना हे आवडत नाही, पण आधी तेच सांगतो. वस्तुविक्री कायदा, 1930 प्रमाणे दुसरं काही ठरलेलं नसेल तर विकणाऱ्याने माल वाहतूकदाराच्या हाती दिला की तो तुमच्याच हाती दिल्यासारखा मानला जातो, आणि मालकी गेली की जोखीमही सोबत जाते. म्हणजे काही न बोलता, न लिहिता पुण्याहून सायकल मागवलीत, तर रस्त्यातल्या अपघाताची जोखीम सर्वसाधारणपणे तुमची.

पण त्याच कायद्याच्या कलम 39 मध्ये विकणाऱ्यालाही बांधलं आहे. वस्तूचा प्रकार बघून त्याने वाहतुकीची व्यवस्था वाजवी रीतीने केली पाहिजे. ती केली नाही आणि रस्त्यात नुकसान झालं, तर घेणारा त्याला जबाबदार धरू शकतो. सायकल गोणपाटात गुंडाळून, बिनपावतीची, रात्रीच्या बसच्या डिक्कीत टाकून दिली तर ती वाजवी व्यवस्था म्हणता येणार नाही. मात्र घेणाऱ्यानेच "भाडं वाचवा, बसमध्ये टाका" म्हटलं असेल तर त्याचा आवाज तिथेच बसतो. आणि असं म्हणणारे बरेच असतात.

विकणारा व्यापारी नसेल, घरातली एक सायकल विकत असेल, तर ग्राहक आयोगात त्याच्याविरुद्ध जाऊन सहसा हाती काही लागत नाही. यूपीआयवरून व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेले पैसे वस्तू खराब निघाली म्हणून बँक परत आणून देत नाही. 1930 हा फोन नंबर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा आहे, वाकलेल्या हँगरसाठी तिथे फोन करू नका. सायकल कधी पाठवलीच नाही, पैसे घेऊन माणूस गायब झाला, तर मात्र उशीर न करता तिथेच करा.

ट्रान्सपोर्टकडून पैसे: कुठे अडतं

रस्त्याने जाणाऱ्या मालासाठी कॅरेज बाय रोड ॲक्ट, 2007 आहे. बाजू मांडणाऱ्याच्या दृष्टीने त्यात एक चांगली गोष्ट आहे: नुकसान वाहतूकदाराच्या निष्काळजीपणामुळेच झालं हे तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही. माल त्याच्या ताब्यात चांगला गेला आणि मोडका आला, एवढं दाखवायचं. म्हणूनच पॅकिंगआधीचे फोटो एवढे मोलाचे.

आता अडचणी. पहिली मर्यादेची. जास्त जोखमीचा दर भरलेला नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच, आणि तीही कागदावर लिहिलेल्या किमतीच्या वर नाही. समजा भाडं 900 रुपये. दहापट म्हणजे 9,000. सायकल 18,000 ची आणि फ्रेमच चिरली, तर पूर्ण पैसे मिळायचे नाहीत हे आजच समजून घ्या. त्यातून विकणाऱ्याने बुकिंगच्या वेळी "जुनी सायकल, किंमत 1,000" लिहिलं असेल, तर तुमची कमाल मर्यादा हजार रुपये. हे सर्रास होतं. बाबू विचारतो, "क्या लिखूं, हजार लिख दूं?" आणि समोरचा मान डोलावतो. सगळ्या भानगडीतला सर्वात महाग क्षण तोच.

दुसरी अडचण मुदतीची. दावा लावण्याआधी लेखी नोटीस द्यावीच लागते, आणि ती माल बुक झाल्याच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत. डिलिव्हरीपासून नव्हे, बुकिंगपासून. फोनवर झालेलं बोलणं म्हणजे नोटीस नव्हे. स्पीड पोस्टने पाठवा. बिल्टी नंबर, तारीख, काय मोडलं, दुरुस्तीचं कोटेशन, फोटो, मागणीची रक्कम हे सगळं एका पानात बसतं.

तिसरी अडचण कोणी सांगत नाही. कायद्याच्या नजरेत वाहतूकदार मुळात माल पाठवणाऱ्याला बांधलेला असतो. बिल्टीवर पाठवणारा म्हणून नाव पुण्याच्या माणसाचं असतं. तुम्ही गोडाऊनवर गेलात की "जिसने भेजा उसको बोलो" असं उत्तर मिळतं. म्हणजे तुम्हाला विकणाऱ्याची सही लागणार, त्याचं अधिकारपत्र लागणार, त्याच्या फोनमधले फोटो लागणार. आणि त्याला तुम्ही रविवारी रात्री चोर म्हणून बसलेले असता.

म्हणून पहिला मेसेज असा जाऊ द्या: "ताई, सायकल मिळाली. खोकं मागच्या बाजूने फाटलेलं आहे आणि नेमका तिथेच हँगर वाकलाय, फोटो पाठवतोय. तुमच्याकडून निघाली तेव्हाचे फोटो असतील तर पाठवाल का? ट्रान्सपोर्टकडे क्लेम टाकतो, पाठवणाऱ्या म्हणून तुमचं एक पत्र लागेल, मजकूर मी लिहून पाठवतो." यात आरोप नाही, काम आहे. समोरून बहुतेक वेळा मदतच येते, कारण तिलाही खरी भीती पैसे परत मागितले जातील याचीच असते.

ट्रान्सपोर्टने दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि तिथे विषय सेवेतल्या त्रुटीचा होतो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे इंदूरलाच करता येते, ऑनलाइनही. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची. पण ती 180 दिवसांची नोटीस तरीही द्या. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघायला हरकत नाही. भाडं "टू-पे" असेल, म्हणजे इंदूरला तुम्ही भरलं असेल, तर पावती तुमच्या नावाची घ्या, पुढे बोलणं सोपं जातं.

ट्रान्सपोर्ट कंपनीच्या बिल्टीवर "ओनर्स रिस्क", म्हणजे मालकाच्या जोखमीवर, असं छापलेलं असतं, ते बघून लगेच हार मानू नका. शिक्का मारला म्हणून कायद्याने घातलेली सगळी जबाबदारी पुसली जात नाही.

बसच्या डिक्कीतून आलेल्या पार्सलचं काय? सरवटे बसस्टँडच्या आसपास पहाटे हातात चिठ्ठी देऊन माल सोडवतात, त्या चिठ्ठीवर धड नाव नसतं, किंमत नसते. कागदच नसेल तर दावा उभा कशावर करणार? तिथे नुकसान दोघांनी वाटून घेणं हाच व्यवहार.

रेल्वेचं गणित निराळं. पुणे-इंदूर गाडी सुरत, वडोदरा, रतलाम असा वळसा घेत येते, पार्सल डब्यात सायकलवर काय काय रचलं जातं ते देव जाणे. बुक करताना किंमत जाहीर करून त्यावरचा जादा आकार भरला नसेल, तर रेल्वेची जबाबदारी किलोमागे 50 रुपयांपुरती. अठरा किलोच्या खोक्याचे 900 रुपये होतात. पॅकिंग सदोष असल्याचा शेरा पावतीवर पडला तर तेही कठीण. खोकं फुटलेलं दिसलं तर पार्सल ऑफिसातच ओपन डिलिव्हरी मागा: त्यांच्यासमोर उघडून नुकसानीची नोंद होते, रेल्वे कायद्यात तशी तरतूद आहे. क्लेमची नोटीस माल सोपवल्यापासून सहा महिन्यांत द्यायची. पुढचा दावा ग्राहक आयोगात नाही, रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनलकडे, आपल्यासाठी भोपाळच्या खंडपीठाकडे. हजारभर रुपयांसाठी भोपाळची वारी करायची का, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी करणार नाही.

दोघांत मिटवायचं असेल तर

बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात आणि मिटावीत. दुरुस्ती दीड-दोन हजारांच्या आत असेल तर नोटिसा, टपाल, चकरा यात तेवढेच जातात. सायकल आपल्या नेहमीच्या मिस्त्रीकडे न्या, कामाचं आणि सुट्या भागांचं वेगवेगळं कोटेशन लिहून घ्या आणि त्याचाच फोटो पुण्याला पाठवा. "पाच हजार कमी करा" हा आकडा हवेतून येतो, त्यावर घासाघीस होते, वाद चिघळतो. "हँगर, चाकाचा आऊट काढणं, एक डिस्क, मजुरी" असा कागद समोर आला की त्यावर फार बोलायला जागा उरत नाही.

वाटणीचा माझा हिशेब असा. आधीचा दोष लपवला: पूर्ण विकणाऱ्याकडे, आणि दोष मोठा असेल तर सायकल परत, दोन्हीकडचं भाडं त्याचं. पॅकिंगची चूक: पॅकिंग ज्याने केलं किंवा करवून घेतलं त्याच्याकडे मोठा वाटा. घेणाऱ्याने "पॅकिंगवर खर्च नको" म्हटलं असेल तर निम्मं-निम्मं. वाहतुकीचा मार, पॅकिंग नीट: कायद्याने घेणाऱ्याकडे, पण क्लेम मंजूर होईपर्यंत विकणाऱ्याने थोडा हातभार लावला तर संबंध टिकतात. घरी जोडताना मोडलं: एक शब्दही न काढता स्वतःकडे. जुन्या भागाच्या जागी नवा भाग बसतो आहे हेही लक्षात घ्या. सहा वर्षं वापरलेल्या डिरेलरच्या बदल्यात कोऱ्या डिरेलरची पूर्ण किंमत मागणं मला रास्त वाटत नाही.

नको ती गोष्ट म्हणजे समेटासाठी दोन्हीकडच्या मावश्यांना आणणं. रामबागेतली मावशी सदाशिवातल्या मावसबहिणीला फोन करते आणि हँगरचा विषय 1998 सालच्या लग्नातल्या मानपानावर जातो.

पुढच्या वेळी, पैसे पाठवण्याआधी

एकच मेसेज पुरतो, पण तो सौदा पक्का होण्याआधी जायला हवा:

"दादा, सायकल 18,000 ला पक्की. पॅकिंग पुण्यात सायकलच्या दुकानातून करून घ्या, त्याचे पैसे आणि भाडं माझ्याकडे. मागचा डिरेलर, पायडल आणि डिस्क काढून, चिमट्यात आधार घालून. पॅकिंगआधी चालू सायकलचा व्हिडिओ, बीबीखालचा फ्रेम नंबर, बंद खोक्याच्या सहाही बाजू आणि बिल्टी, एवढे फोटो पाठवा. बिल्टीवर किंमत 18,000 च लिहायची. ट्रान्सपोर्टला दिल्यावर रस्त्यात होईल ते माझ्या जोखमीवर, पण क्लेम लागला तर पत्र आणि सही तुम्ही द्यायची. 16,000 आज पाठवतो, उरलेले 2,000 सायकल मिळाल्यावर दोन दिवसांत तपासून. जमत असेल तर 'मान्य' लिहा."

फ्रेम नंबर घेण्याचं कारण दुहेरी आहे. दाखवली तीच सायकल आली हे घेणाऱ्याला कळतं, आणि परत आलीच तर आपलीच आली हे विकणाऱ्याला. मधल्या काळात चांगला डिरेलर काढून जुना लावून परत पाठवणारे महाभागही आहेत, म्हणून डिरेलर आणि क्रँकचे जवळून फोटो हवेत.

पॅकिंगमध्ये जीव कुठे आहे ते सांगतो. डिरेलर सोडून, चेनसकट फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून मागच्या त्रिकोणाच्या आत बांधायचा. फक्त एवढं केलं तरी नेहमीचं नुकसान टळतं. ॲक्सलच्या टोकांना आणि पुढच्या मोठ्या चकतीच्या दातांना पुठ्ठ्याचे जाड तुकडे, कारण खोकं आतून तेच फाडतात. चाक आणि फ्रेम यांच्यात पुठ्ठ्याचा आख्खा पडदा. टायरमधली हवा पूर्ण सोडू नका, थोडी असू द्या, रिमला तेवढाच आधार. ब्रेकच्या पॅडमध्ये दुमडलेलं जाड कार्ड. सुटे भाग एका पिशवीत, पिशवी फ्रेमला बांधलेली. बंद खोकं हलवून बघा: आत काही खडखडलं तर उघडा आणि पुन्हा बांधा.

बाहेर "नाजूक माल" लिहून फारसा फरक पडत नाही. नेदरलँड्समधल्या व्हॅनमूफ या सायकल कंपनीने 2016 च्या सुमाराला आपल्या खोक्यांवर मोठ्या टीव्हीचं चित्र छापायला सुरुवात केली, आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे मोडतोड 70 ते 80 टक्क्यांनी घटली. हमाल सगळीकडचे सारखेच. पण आपल्याकडे हा प्रयोग चित्रापुरताच ठेवा. बिल्टीवर सायकलच लिहा, नाहीतर क्लेमच्या वेळी तुम्ही टीव्ही शोधत बसाल.

कार्बनची किंवा तीस-चाळीस हजारांच्या वरची सायकल असेल तर मी पार्सलच्या भानगडीत पडायला सांगत नाही. इंदूरचं कोणी ना कोणी दर महिन्याला गाडी घेऊन पुण्याला जातच असतं, लग्नाला नाहीतर मुलाच्या हॉस्टेलला. मागची सीट पाडून, चाकं काढून सायकल सहज येते. पेट्रोलचे निम्मे पैसे द्या, निघताना त्याच्याकडूनच पुण्यात सायकल चालवून बघून घ्या, आणि विकणाऱ्याला उरलेले पैसे तिथेच हातात.